जर्मलच्या कॅनमधला 'हाय'

मी एक जुनी दुधाची कॅन आहे. जर्मलची. माझ्या धातूला पुस्तकात अ‍ॅल्युमिनियम म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण धारूरच्या घाटाखाली त्या नावानं कुणी हाक मारली तर मी ओ देणार नाही. इथं आम्ही सगळे जर्मल. ताट जर्मल, तांब्या जर्मल, मीही जर्मल. जर्मनी मी पाहिलेली नाही आणि जर्मनीनंही मला पाहिलेलं नाही; पण नाव पडलं ते पडलं.

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझं पोट मोठं आहे, त्यामुळे आत गेलेली हकीकत बाहेर येताना जराशी फुगून येते. डेअरीवाले जसे फॅटचे पैसे कापतात तशी तेवढी फूग तुम्ही कापून घ्या. उरेल ते खरं आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. तुम्हाला एकच जन्म आठवतो. आम्हा जर्मलच्या लोकांना मागचेही आठवतात. माझ्या डाव्या कुशीत एक पातेलं आहे. कुणाच्या तरी घरी त्यात पिठलं करपलं होतं, अजून श्रावणात तिथं खाज सुटते. माझी एक कडी पूर्वी एका मास्तरांचा जेवणाचा डबा होती. शनिवारी सकाळची शाळा असली की ती उगाच भुकेजते. आणि माझं बूड विमानाच्या पंखाचं आहे. बरं, हे हवं तर कापा. पण वितळलं म्हणजे विसरलं असं नसतं, एवढं मात्र ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

आमच्या गावात दूध सोसायटी निघाली तेव्हा मी नवीकोरी, चकचकीत अशी गावात आले. ज्याची म्हैस त्याला कॅन, असा नियम होता. भांड्यांवर नावं घालणारा एक कारागीर लिंबाखाली बसला आणि बारीक छिन्नीनं टकटक करत त्यानं माझ्या गळ्यावर अक्षरं पाडली: बद्रीनाथ. बद्रीनाथ म्हणजे केसरबाईचा नवरा. उंच, सावळा आणि सदा घाईत असलेला माणूस.

रोज पहाटे सोसायटीच्या ओट्यावर रांग लागायची. सचिव बबनराव चष्मा कपाळावर चढवून शाळेतल्या हजेरीसारखी नावं पुकारायचे.

"पंडित!"

"हाय!"

"बद्रीनाथ!"

"हाय!"

आमच्याकडे 'आहे' म्हणत नाहीत, 'हाय' म्हणतात. आणि 'नाही' म्हणायचं तर 'न्हाई'. बाकीचे सभासद बबनरावांकडे तोंड करून 'हाय' म्हणायचे. बद्रीनाथ मात्र नेमका त्याच क्षणी वाकून माझं झाकण उघडत असायचा. त्यामुळे त्याचा 'हाय' बबनरावांकडे न जाता सरळ माझ्या पोटात पडायचा. रोज. दूध ओतलं जायचं, 'हाय' तळाशी बसून राहायचा, साय भांड्याला धरते तसा. केसरबाई मला सोडा घालून गरम पाण्यानं घासायची. दुधाचा वास जायचा, 'हाय' जात नसे.

मग एका वर्षी पाऊस आलाच नाही. विहिरींचे तळ वर आले. बद्रीनाथनं म्हशीचं दावं धरलं आणि गोदाकाठाला चारा आहे असं ऐकून तिकडे निघाला. खांद्यावर घोंगडी, हातात जर्मलचा जेवणाचा डबा. दूधच आटलं होतं, म्हणून मला घरी ठेवलं. जाताना केसरबाईला म्हणाला, "पाऊस पडला की येतो."

पाऊस पडला. म्हैस आली. एकटी, दावं मातीत ओढत. अंगानं भरलेली होती, म्हणजे चारा मिळाला होता. माणूस आला नाही.

लोक गोदाकाठ धुंडाळून आले. कुणी म्हणालं नदीत गेला, कुणी म्हणालं दुसरीकडे घर केलं. केसरबाई प्रत्येकाला एकच विचारायची, "हाय का न्हाई, तेवढं सांगा. मग मी काय ते करीन." कुणीच सांगू शकलं नाही. म्हणून तिनं कुंकू पुसलं नाही, आणि पितृपंधरवड्यात त्याच्या नावाचं पानही वाढू दिलं नाही. त्यांचा मुलगा राधाकिशन मोठा झाला, त्याचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली, तरी प्रश्न तिथंच उभा होता.

सोसायटीही मधल्या काळात मेली. दर दुष्काळात थोड्या म्हशी विकल्या जायच्या आणि ओट्यावरची रांग आखूड व्हायची. शेवटी शेवटी बबनराव हजेरी घ्यायचे तेव्हा ओ द्यायला दोघं तिघंच असत. एक दिवस खोलीला कुलूप लागलं. ज्या टँकरनं आमचं दूध नेलं त्याच टँकरनं पुढे गावाला पाणी येऊ लागलं, आणि त्या पाण्याला नासक्या दुधाचा वास यायचा. माझ्यात एक कोंबडी अंडी घालू लागली. बाई, काय दिवस होते! दुधाची कॅन मी, आणि पोटात अंडी घेऊन बसले होते.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी शेजारच्या लातूरला आगगाडीनं पाणी आणावं लागलं. राधाकिशन आणि त्याची बायको गीताबाई कोयते घेऊन ऊसतोडीला गेले. घरी राहिली केसरबाई, नात शिवकन्या आणि एक वगार. वगार म्हणजे अजून न व्यालेली तरणी म्हैस. त्या एकट्या परत आलेल्या म्हशीच्याच वंशातली. तिला कडबा विकत आणायचा तर पैसे हवेत. ते कमवायची वाट शिवकन्येनंच शोधली.

घाटात गाड्या थांबवून लोक थंडा पितात, कुणी डोकं गरम करणारंही पितात, आणि रिकामी डबडी दरीत भिरकावतात. ती डबडी जर्मलची असतात. शिवकन्येनं फुटक्या रेडिओतलं चुंबक दोरीला बांधलं होतं. डबडं चुंबकाला चिकटलं तर लोखंड, न चिकटलं तर जर्मल. मग टाच मारून ते चपटं करायचं आणि माझ्या पोटात टाकायचं. आजी मला एका कडीला धरायची, नात दुसऱ्या कडीला, आणि आम्ही तिघी घाटाच्या कडेकडेनं चालायचो.

भंगारवाला सुग्रीव धारूरहून तीनचाकी घेऊन यायचा. पहिल्याच भेटीत तो शिवकन्येला हसला.

"डबडी काय म्हंतीस गं? कॅन म्हन, कॅन! शहरात कॅन म्हंत्यात त्याला."

"कॅन तर ही हाय," असं म्हणून शिवकन्येनं माझ्यावर थाप मारली.

"ही बी कॅन, ती बी कॅन. साठल्या की सांग, येतो."

हा एवढासा शब्द पुढे काय करणार आहे ते तेव्हा कुणाला कळलं नाही. मलाही नाही.

एका टळटळीत दुपारी शिवकन्या माझ्याजवळ सावलीत बसली होती. मी रिकामी होते, झाकण उघडं होतं. उन्हानं माझं अंग तापलं होतं. जर्मल तापलं की फुगतं, आणि फुगलं की आतलं सैल होतं. पोर नुकतीच जोडाक्षरं शिकली होती. तिनं माझ्या गळ्यावर बोट फिरवलं आणि आत तोंड घालून मोठ्यानं वाचलं, "ब... द्री... नाथ!"

माझ्या तळातून आवाज आला, "हाय!"

परसातली कोंबडी पंख झाडत भिंतीवर चढली. वगारीनं कान उभे केले. शिवकन्या घरात पळाली.

"आजी, कॅनमधी मानूस हाय!"

"उनात बसू नको म्हनलं होतं ना तुला?"

"खरंच, आजी! आबाचं नाव घेतलं तर 'हाय' म्हनाला."

केसरबाई बाहेर आली. माझ्यासमोर मांडी घालून बसली. पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, जणू कुणी मोठं माणूस समोर होतं.

"मार हाक," ती म्हणाली.

"तूच मार की."

"मी कशी मारू गं? मालकाचं नाव घेत असत्यात व्हय? लग्नात उखान्यात घेतलं तेवढंच."

शिवकन्येनं पुन्हा हाक मारली. पुन्हा "हाय!" केसरबाईचे डोळे भरून आले नाहीत, की ती किंचाळली नाही. तिनं फक्त हलकेच विचारलं, "जेवलात का?"

मित्रांनो, त्याला काय उत्तर देणार? माझ्याकडे तेवढा एकच शब्द होता. तो शिळा होता, कितीतरी पहाटांपूर्वीचा होता, बबनरावांच्या हजेरीचा होता. हे मला ठाऊक होतं. पण सांगणार कशी? 'न्हाई' म्हणायला माझ्या पोटात शब्दच नव्हता.

त्या दिवसापासून रोज दुपारी हा खेळ सुरू झाला. डबडी आत असली की आवाज दबतो, हे शिवकन्येच्या लवकरच ध्यानात आलं. म्हणून ती आधी सगळी डबडी बाहेर ओतायची, हाक मारायची, 'हाय' ऐकायची आणि मग पुन्हा भरायची. केसरबाई भाकरी झाली की पदर ओढून येऊन बसायची. दिवसाचं सगळं सांगायची: वगारीनं कडबा किती खाल्ला, टँकर आला की नाही, राधाकिशनचा फोन आला का. गावातली माणसं त्या वेळी आमच्या दारावरून जाईनाशी झाली. सरडेसुद्धा कुंपणावर थिजून बसायचे.

आणि मग तो दिवस उजाडला. टँकर भर उन्हात आला. आजी आणि नात घागरी घेऊन धावल्या. मी परसात डबड्यांनी गळ्यापर्यंत भरलेली. तेवढ्यात सुग्रीवची तीनचाकी दारात उभी राहिली. घरी कुणीच नाही. शेजारची छबुबाई भिंतीवरून डोकावली.

"कोन पाहिजे?"

"मावशी, पोरीनं सांगितलंय, कॅन घिऊन जा म्हनून. लई साठल्यात म्हनली."

छबुबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या लेखी कॅन म्हणजे दुधाची कॅन, आणि ती तर समोर एकच होती.

"साठल्यात कुठल्या? ही एकच तर हाय, बाबा. ने. भुताटकीची पीडा तरी जाईल दारातून."

सुग्रीवला वाटलं पोरगी भांड्यासकट विकते आहे. त्यानं पैसे छबुबाईच्या हातावर ठेवले, माझ्या तोंडात उरलेली डबडी कोंबली, झाकण बसवलं आणि वरून हातोडा मारला. माझा श्वास बंद झाला. चुकी कुणाची म्हणावी? तिघांनीही खरंच तर सांगितलं होतं.

धारूरच्या बाहेर पत्र्यांचं कुंपण घातलेल्या आवारात सुग्रीवनं मला ढिगावर टाकलं. तो ढीग तुम्ही पाहायला हवा होता. कुठकुठलं जर्मल तिथं आलं होतं! भोक पडलेली पातेली, कान तुटलेले कुकर, चेपलेले डबे; माजलगावचे, गेवराईचे, गोदेच्या दोन्ही काठांचे. माझ्यावर अजून दोन पोती रिती झाली आणि मी आत गडप झाले.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. ऊन ढिगात उतरलं. जर्मल तापलं, फुगलं, आणि ढीग बोलू लागला.

खूप बारीक आवाजात. एक ताट म्हणालं, "वाढ की अजून." एका डब्यातून पोरं भांडत होती. कुठून तरी अंगाई येत होती, अर्ध्यावर तुटून पुन्हा सुरू होणारी. कुणी खोकत होतं. कुणी देवाची नावं घेत होतं. शेकडो घरांची दुपार एकमेकींत कालवून गेली होती. हमालांना तो नुसता तापल्या पत्र्याचा कडकडाट वाटत होता. ते बिडी ओढत ट्रकची फळी खाली करत होते. संध्याकाळच्या आत सगळा माल भट्टीला जायचा होता.

तेवढ्यात जीपमधून केसरबाई आणि शिवकन्या उतरल्या. छबुबाईकडचे पैसे केसरबाईच्या मुठीत होते, घामानं भिजलेले.

"सुग्रीवा, माझी कॅन दे."

"कोनती मावशी? हितं दीड टन माल पडलाय."

"नाव हाय तिच्यावर."

"नावं समद्यावरच हायत! ही बघा, 'कौशल्याबाईकडून सप्रेम भेट'. हे बघा, कुनाचं मंगलाष्टकच घातलंय. कुठं हुडकू? ट्रक लागलाय. दुसरी देतो, नवी, बिनभोकाची."

"नवी मला काय करायची? तिच्यात मानूस हाय माझं!"

हमाल हसले. शिवकन्या ढिगाजवळ गेली आणि तोंडाशी हात धरून ओरडली, "बद्रीनाथ!"

मी ऐकलं. जीव तोडून 'हाय' म्हणायला गेले. पण आत डबडी, वर ठोकलेलं झाकण. ओठसुद्धा हलले नाहीत. शिवकन्येनं पुन्हा हाक मारली, मग पुन्हा. ढीग आपल्याच नादात कुजबुजत राहिला.

"आजी," ती रडवेली झाली, "डबडी काढल्याबिगर ती बोलत न्हाई. भरलेली हाय ती."

"चला मावशी, बाजूला व्हा," हमालांनी फावडी उचलली.

केसरबाई हलली नाही. "थांबा जरा. घरात देत व्हते, पर हितं चारचौघांत पोरीच्या हाकंला ते का म्हनून ओ देतील? तिला कधी बघितलंय का त्यांनी?"

तिनं पदर डोक्यावरून पुढे घेतला. तोंड उघडलं, मिटलं. इतक्या वर्षांत जे नाव ओठांवर आणलं नव्हतं ते नुसतं, उघडंबोडकं कसं घ्यायचं? मग ती लग्नातल्या नवरीसारखी मान खाली घालून उभी राहिली, आणि त्या भंगाराच्या आवारात, हमालांच्या देखत, तिनं उखाणा घेतला:

"जर्मलच्या ढिगाला उन्हाची आच,
बद्रीनाथरावांना हाक मारते, हाय म्हना एकदाच."

ढीग गप्प झाला. अंगाई थांबली. पोरं भांडायची थांबली. हमालांच्या हातातली फावडी हातातच राहिली.

आणि ढिगाच्या पोटातून आवाज आला, "हाय."

कुणी सांगायच्या आत सुग्रीव पुढे झाला आणि आवाज आला त्या जागी दोन्ही हातांनी पातेली, डबे बाजूला फेकू लागला. थोड्या वेळानं माझी कडी त्याच्या हाताला लागली. त्यानं मला ओढून बाहेर काढलं, गळ्यावरचं नाव अंगठ्यानं पुसून पाहिलं आणि केसरबाईच्या पायाशी ठेवलं.

"ने माय. पैसं राहू दे तुझ्याकडं. डबडी बी ने. पर ही परत हितं आनू नको."

केसरबाईनं मला जवळ घेतलं आणि स्वतःशीच म्हणाली, "आवाज लई बसलाय त्यांचा."

परतीच्या जीपमध्ये मी तिच्या मांडीवर होते. शिवकन्या बराच वेळ माझ्याकडे टक लावून बघत होती. मग तिनं माझ्या झाकणावर बोट वाजवलं. बद्द असा आवाज आला.

"आजी, झाकन तर ठोकलेलंच हाय. डबडी बी आतच हायत. मग बोललं कोन?"

केसरबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप. एकदाच म्हना म्हनलं होतं. एकदाच म्हनले."

तेवढ्यात मागून ट्रक आला आणि धूळ उडवत आम्हाला ओलांडून पुढे गेला. त्याची ताडपत्री वाऱ्यानं फडफडत होती.

मित्रांनो, पोरीचं बरोबर होतं. त्या दुपारी 'हाय' मी म्हटलं नव्हतं. माझ्या पोटातला 'हाय' पस्तिशीतल्या घाईच्या माणसाचा आहे. ढिगातला आवाज म्हाताऱ्याचा होता. सावकाश, कोरड्या घशाचा. तो माझ्या बुडाखालून आला. माझ्या विमानाच्या पंखाच्या बुडाला तो थेट लागला. माझ्या खाली काय पडलं होतं ते कुणी पाहिलं नाही. मी सापडले, म्हणून सुग्रीवनं खणायचं थांबवलं. एखादा जुना जेवणाचा डबा असेल, बद्रीनाथनं जाताना हातात नेलेला, गोदेकडून परत आलेला. असेल किंवा नसेल.

पावसाळा आला. राधाकिशन आणि गीताबाई परत आले. वगार जगली, पुढे व्याली तेव्हा पहिलं दूध माझ्यातच काढलं. भाद्रपदात राधाकिशननं आईला बापाबद्दल विचारलं, "आई, औंदा तरी दादाला पान वाढायचं का?"

केसरबाई म्हणाली, "जित्या मानसाला कुठं पान वाढत असत्यात?"

माझ्यासमोर मात्र ती पुन्हा हाक मारायला बसली नाही. शिवकन्येलाही मारू दिली नाही. मी दुपारी तापते, फुगते, माझा शिळा 'हाय' तळाशी सैल होतो आणि पुन्हा बसतो.

पण तो ट्रक भट्टीला गेला, मित्रांनो. तो सगळा ढीग वितळला. त्याची नवी पातेली झाली असतील, डबे झाले असतील, थंड्याची डबडी झाली असतील, आणि ती दूरदूर गेली असतील. आता त्यातलं एखादं तुमच्या घरातही असेल, फडताळात, अगदी मागे. म्हणून माझं एवढं ऐका. जुनं भांडं टाकताना त्याला कोंबून, ठोकून गप्प करू नका. आधी ते रिकामं करा, स्वच्छ घासा, उन्हात ठेवा. मग आत तोंड घालून तुमच्या हरवलेल्या माणसाचं नाव घ्या. ओ आली तर भांडं जपून ठेवा.

आणि तुम्ही काहीच न बोलता, घरात कुणी नसताना, एखाद्या दुपारी फडताळातून आपणहून 'हाय' असं ऐकू आलं, तर घाबरू नका. फक्त कुणाला तरी धारूरला पाठवा, आणि त्या घाटाखालच्या म्हातारीला सांगा.